पदवीच्या मध्यावर कॉलेज बदलताना

२०१८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने १३ विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला. अर्ज आले होते १,४२९. हे अर्जदार नुकतीच बारावी झालेले नव्हते. ते आधीच कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकत होते आणि पदवीची उरलेली वर्षे प्रिन्स्टनमध्ये पुरी करू पाहत होते. १९९० पासून प्रिन्स्टनने असे प्रवेश पूर्ण बंद ठेवले होते; ते पुन्हा सुरू केल्यानंतरची ही पहिली तुकडी होती. त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजलिसच्या यूसीएलएने असेच मध्येच येणाऱ्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना होकार कळवला. म्हणजे साधारण चार अर्जदारांमागे एकाला.

यूसीएलए सोपे विद्यापीठ आहे म्हणून असे घडले, असे कुणी म्हणणार नाही. शाळा संपवून थेट तिथे अर्ज करणाऱ्यांत आज दहांतल्या एकालाही जागा मिळत नाही. मग पहिल्या वर्षाला इतके कडक असलेले विद्यापीठ तिसऱ्या वर्षाला इतके मोकळे कसे होते? आणि प्रिन्स्टन तिथेही चिमटीतून का सोडते? ट्रान्सफर प्रवेशाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने निबंध लिहायला बसण्याआधी, गुणांची बेरीज करण्याआधी या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण विद्यापीठाचे नाव आधी ठरवतात आणि जागा किती आहेत हे नंतर पाहतात. हा क्रम उलटा हवा.

पदवी शिकताना कॉलेज बदलणे अमेरिकेत जगावेगळे मानले जात नाही. तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण शिक्षण सुरू असताना एकदा तरी कॉलेज बदलतात. बराक ओबामा लॉस एंजलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षे शिकले आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात गेले. वॉरन बफे यांनी उलटी वाट धरली. पेनसिल्व्हेनियाच्या नामांकित व्हॉर्टनमधून ते आपल्या गावच्या राज्यात, नेब्रास्का विद्यापीठात परतले आणि तिथूनच पदवीधर झाले. आपल्याकडचे ठळक उदाहरण जयप्रकाश नारायण यांचे. १९२२ साली ते कॅलिफोर्नियात उतरले, बर्कलीला शिकू लागले. तिथली फी वाढल्यावर परवडेना म्हणून आयोवाला गेले, पुढे विस्कॉन्सिन, मग ओहायो. फळबागांत आणि हॉटेलांत काम करून शिकणाऱ्या मुलाला कॉलेज बदलण्याची ही सोय नसती, तर त्याचे शिक्षण बर्कलीतच संपले असते.

ही सोय कुणीतरी विचार करून उभारलेली आहे. तिची सुरुवात इलिनॉय राज्यातल्या जोलिएट या गावी झाली. १९०१ साली तिथल्या हायस्कूलमध्येच पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग भरू लागले. पाठीशी होते शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. पदवीची पहिली दोन वर्षे वेगळ्या प्रकारची आणि शेवटची दोन वेगळ्या प्रकारची, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली दोन वर्षे पायाभूत विषयांची. ती विद्यार्थ्याच्या गावातसुद्धा नीट शिकवता येतील. पुढची दोन वर्षे एका विषयात खोल जाण्याची; त्यांना प्रयोगशाळा, मोठे ग्रंथालय, संशोधन करणारे प्राध्यापक लागतात. जोलिएटच्या त्या पहिल्या वर्गात अवघे सहा विद्यार्थी होते. आज अमेरिकेत ज्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात त्या साऱ्या संस्थांचे मूळ त्या वर्गात आहे.

कॅलिफोर्नियाने ही कल्पना सर्वांत मनावर घेतली. १९०७ मध्ये तिथे हायस्कुलांना असे वर्ग चालवण्याची कायद्याने परवानगी मिळाली, १९१० मध्ये फ्रेस्नोला पहिले वर्ग निघाले. पण खरी मांडणी झाली १९६० साली. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मुले कॉलेजच्या वयाला येऊन ठेपली होती आणि एवढ्यांना बसवायचे कुठे, हा प्रश्न राज्यापुढे होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने उच्च शिक्षणाचा एक मास्टर प्लॅन तयार झाला. शाळेत वरच्या साडेबारा टक्क्यांत येणारे यूसीला, वरच्या एक तृतीयांशातले राज्य विद्यापीठाला आणि शिकू इच्छिणारा कुणीही कम्युनिटी कॉलेजला, अशी वाटणी ठरली. ही वाटणी तेवढीच राहिली असती तर ती माणसांना अठराव्या वर्षी कायमचे खणांत बसवणारी झाली असती. म्हणून आराखड्यात आणखी एक गोष्ट घातली गेली, आणि माझ्या मते त्या आराखड्यातली सर्वांत थोर गोष्ट तीच. यूसीमध्ये वरच्या दोन वर्षांत ६० टक्के आणि खालच्या दोन वर्षांत ४० टक्के विद्यार्थी असावेत, असे प्रमाण ठरवले गेले.

याचा हिशेब साधा आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला १०० विद्यार्थी असतील तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाला १५० हवेत. वरचे ५० कुठून येणार? कम्युनिटी कॉलेजांतून. त्यांच्यासाठी जागा मुद्दाम ठेवली आहे. यूसीएलए किंवा बर्कलीला तिसऱ्या वर्षाला हजारोंनी प्रवेश होतात ते याच हिशेबामुळे. थेट शाळेतून येणाऱ्या दर दोघांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचे आजचेही उद्दिष्ट आहे. यूसीएलएने घेतलेल्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांत दहांतले नऊ राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांमधून येतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन डिप्लोमा करायचा आणि मग ‘डायरेक्ट सेकंड इयर’ने इंजिनिअरिंगला यायचे, ही आपल्याकडची पायवाट तीच आहे. बारावी-सीईटीच्या रांगेत जो मुलगा कदाचित मागे पडला असता तो डिप्लोमाच्या टक्क्यांवर पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये दुसऱ्या वर्षाला जाऊन बसतो. तिथेही जागा नियमाने राखलेल्या असतात, म्हणूनच ही वाट चालते. फरक निवडीत आहे. आपल्याकडे मेरिट लिस्ट लागते. टक्के पाहिले की आपला नंबर कळतो. अमेरिकेत गुणांबरोबर विषयांची निवड, लिहिलेले उत्तर आणि विद्यार्थ्याची परिस्थिती असे सारे एकत्र वाचले जाते.

आता प्रिन्स्टन-हार्वर्डकडे वळू. ही विद्यापीठे चारही वर्षे विद्यार्थ्यांना कॅम्पसवरच राहायला ठेवतात आणि तिथून सहसा कुणी सोडून जात नाही. पहिल्या वर्षानंतर हार्वर्डमध्ये शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला परत येतात. म्हणजे रिकाम्या होणाऱ्या खाटा मोजक्या. २००८ साली हार्वर्डच्या वसतिगृहांत इतकी दाटी झाली की विद्यापीठाने पुढच्या दोन वर्षांसाठी ट्रान्सफर प्रवेशच थांबवले. तोवर हजाराहून अधिक मुलांनी अर्ज भरलेले होते. त्यांतल्या कुणाचे गुण कमी पडले नव्हते की निबंध फसला नव्हता. खोल्या नव्हत्या. आजही हार्वर्ड वर्षाकाठी सरासरी डझनभर ट्रान्सफर विद्यार्थी घेते. हे समजून घेतले की तिथला नकार मनाला लावून घेण्याचे कारण उरत नाही.

शिवाय या डझनभर जागा कुणासाठी आहेत हेही पाहावे लागते. प्रिन्स्टनने २०१८ मध्ये दार उघडले तेव्हा हेतू जाहीरपणे सांगितला होता: सैन्यातून परतलेले, कम्युनिटी कॉलेजात शिकणारे, गरीब घरांतले विद्यार्थी यावेत. त्या १३ जणांत सैन्यातून आलेल्यांचा भरणा होता. दुसऱ्या एका चांगल्या खासगी कॉलेजात सुखाने शिकणाऱ्या आणि केवळ अधिक मोठे नाव हवे असलेल्या मुलासाठी ती योजना आखलेलीच नव्हती.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच मोठी विद्यापीठे आहेत. कॉर्नेल दरवर्षी काही शे ट्रान्सफर विद्यार्थी घेते. तिथली शेतकी, कामगार संबंध अशी काही कॉलेजे न्यूयॉर्क राज्याशी बांधलेली आहेत आणि राज्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांशी त्यांचे ठरीव करार आहेत. पहिल्या वर्षाला नाकारलेल्या काही अर्जदारांना कॉर्नेल असेही कळवते की वर्षभर दुसरीकडे अमुक विषय घ्या, अमुक गुण मिळवा, दुसऱ्या वर्षाला तुमची जागा ठेवतो. लॉस एंजलिसचे खासगी यूएससी विद्यापीठ दरवर्षी सुमारे दीड हजार ट्रान्सफर विद्यार्थी घेते. कोलंबियात १९४७ पासून स्कूल ऑफ जनरल स्टडीज आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांची सोय लावताना ते उभे राहिले आणि शिक्षणात वर्षभराचा किंवा त्याहून मोठा खंड पडलेल्यांसाठी आजही चालते. मधली वर्षे नोकरीत, आजारपणात किंवा घरच्या जबाबदारीत गेलेल्यांनी ते जरूर पाहावे. मात्र तिथली आर्थिक मदत कोलंबिया कॉलेजच्या तुलनेत तोकडी असते.

एखादे विद्यापीठ कोणत्या गटात मोडते हे ओळखायला कुणा सल्लागाराला पैसे मोजावे लागत नाहीत. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची एक माहितीपत्रिका आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. तिच्यातला डी विभाग केवळ ट्रान्सफरचा असतो. किती जणांनी अर्ज केले, कितींना होकार दिला, कितींनी प्रवेश घेतला, किमान किती क्रेडिट लागतात, दुसरीकडची जास्तीत जास्त किती चालतात, सारे तिथे मिळते. एच विभागात आर्थिक मदतीचे आकडे असतात आणि परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत दिली तेही असते. दहा विद्यापीठांचे हे दोन विभाग एका कागदावर उतरवून काढले तरी यादी आपोआप बदलते. संध्याकाळभराचे काम आहे, आणि ते मुलाने स्वतः करावे.

आता हाच विचार दोन वेगवेगळ्या मराठी घरांतून करून पाहू, कारण सल्ला दोघांना सारखा लागू पडत नाही.

पहिले घर कॅलिफोर्नियातले, फ्रीमाँटचे किंवा क्युपर्टिनोचे. आईवडील तिथे नोकरीला, मुलगी बारावीत. तिला बर्कलीने नाकारले आहे. जवळच क्युपर्टिनोत डी अँझा कॉलेज आहे, दक्षिणेत असती तर सँटा मोनिका कॉलेज असते. या कॉलेजांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले यूसीत जातात. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात. अडचण पैशांची नसते, अडचण महाराष्ट्र मंडळातल्या पुढच्या कार्यक्रमाला कुणीतरी विचारेल त्या प्रश्नाची असते: कुठे घेतला प्रवेश? कम्युनिटी कॉलेज म्हणताना आईवडिलांचा आवाज खाली जातो. तो जायला नको. दोन वर्षांनी तीच मुलगी बर्कलीच्या त्याच वर्गात बसलेली असू शकते आणि तिच्या पदवीच्या कागदावर सुरुवात कुठे केली हे लिहिलेले नसते. जॅक केंट कुक फाउंडेशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, कम्युनिटी कॉलेजातून निवडक विद्यापीठांत आलेले विद्यार्थी पदवी पुरी करण्यात थेट शाळेतून आलेल्यांपेक्षा मागे नसतात, काही ठिकाणी पुढेच असतात.

या मुलीसाठी वाट बऱ्यापैकी आखलेली आहे. ६० सेमिस्टर क्रेडिट, इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, एक गणिताचा आणि शिवाय आपल्या मुख्य विषयाची पूर्वतयारी. कुठल्या कम्युनिटी कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या यूसीत कशाच्या जागी धरला जातो, हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोर्सनिहाय दिलेले असते. यूसीच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ कॅम्पसांपैकी सहा ठिकाणी, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ इथे, अटी पुऱ्या केल्या तर प्रवेशाची लेखी हमीसुद्धा मिळते. ती एकाच कॅम्पससाठी मागता येते आणि सप्टेंबरात मागावी लागते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत. म्हणून जाणती मुले हमी एका ठिकाणची घेऊन ठेवतात आणि अर्ज या तिघांनाही करतात. कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांत मात्र सरासरी आकडे फसवे असतात. संपूर्ण विद्यापीठाचा दर चारांत एक असला तरी त्या विषयाचा फार कमी असतो.

तिचे वडील एच-वन-बीवर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असतील तर आणखी एक गोष्ट आधीच पाहायला हवी. एच-वन-बीवाल्यांच्या मुलांना मिळणाऱ्या एच-फोर व्हिसाचा आधार एकविसाव्या वर्षी संपतो, आणि ट्रान्सफरचे वय नेमके तेच. मध्येच स्टुडंट व्हिसावर यावे लागले तर फीचा दरसुद्धा बदलू शकतो. हे कॉलेजच्या कार्यालयात आणि वकिलाकडे वर्षभर आधी विचारावे.

दुसरे घर पुण्याचे, नाशिकचे किंवा नागपूरचे. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला अमेरिकेत दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला जायचे आहे. त्याच्यासाठी यूसीची ती रुंद वाट जवळजवळ बंद आहे. यूसी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना पहिला मान देते, आणि परराज्यातल्या वा परदेशातल्या विद्यार्थ्याला फीशिवाय वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक जादा भरावे लागतात. मग काही जण आधी इथून कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात जातात. ही योजना चालते, पण तिचा पुरा हिशेब मांडूनच निघावे. परदेशी विद्यार्थ्याला तिथली फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते, राहण्याचा खर्च कॅलिफोर्नियाचा असतो, आणि दोन वर्षे तिथे काढली म्हणून स्टुडंट व्हिसावरचा विद्यार्थी रहिवासी होत नाही. यूसीत गेल्यावर जादा फी उभीच राहते. स्वस्तात बर्कली असे कुणी सांगत असेल तर चारही वर्षांची बेरीज कागदावर मागावी.

मग त्याच्यासाठी उरतात खासगी विद्यापीठे आणि इतर राज्यांची सरकारी विद्यापीठे. इथे पैशांचा प्रश्न गुणांच्या आधी येतो. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करणारी आणि लागेल ती सारी मदत देणारी विद्यापीठे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ट्रान्सफरच्या जागा सर्वांत कमी नेमक्या तिथेच आहेत. इतरत्र मदत मागितली की निवडीत ती गोष्ट धरली जाते. ट्रान्सफर विद्यार्थ्यांचे मदतीचे नियम पहिल्या वर्षाला येणाऱ्यांपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून नेमके त्यांच्यापुरतेच विचारावे.

समजा जागा आहेत आणि पैशांची सोय आहे. मग अर्जात काय वाचले जाते?

सगळ्यांत आधी कॉलेजातले गुण. पहिल्या वर्षाला अर्ज करताना शाळा पाहतात, ट्रान्सफरला कॉलेज पाहतात, असा साधारण नियम. पण त्याला वेळापत्रकाची एक मेख आहे. बहुतेक खासगी विद्यापीठांची मुदत मार्चच्या सुमारास असते. पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज केला तर तोवर हातात एकाच सेमिस्टरचा निकाल असतो. तेवढ्यावर निवड करणारे लोक साहजिकच दहावी-बारावीचे गुण पुन्हा उघडतात. दुसऱ्या वर्षाला अर्ज केला तर तीन सेमिस्टरचा निकाल असतो आणि शाळेचे वजन हलके होते. बारावीत घसरलेल्या आणि कॉलेजात सावरलेल्या मुलाने म्हणूनच वर्षभर थांबणे शहाणपणाचे. उलट बाजूने, फार थांबूनही चालत नाही. हार्वर्डला किमान एक आणि जास्तीत जास्त दोन वर्षे झालेलाच विद्यार्थी चालतो. पदवी आपली द्यायची तर निम्मे शिक्षण आपल्याकडे झाले पाहिजे, असा अनेकांचा दंडक आहे. तिसरे वर्ष पुरे झाले की बहुतेक दारे लागतात.

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेचे भाषांतर आपण करू नये. दहांपैकी आठ सीजीपीए म्हणजे चारांपैकी इतके, असा गुणाकार मुले स्वतःच करतात आणि बहुधा चुकतात, कारण आपल्याकडची आणि तिथली गुण देण्याची पद्धत सारखी नसते. आहे तेच लिहावे. विद्यापीठ म्हणेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे. केटी लागली असेल तर ती ट्रान्स्क्रिप्टवर दिसते. लपवण्याचा प्रयत्न हा केटीपेक्षा कितीतरी मोठा दोष ठरतो. दोन ओळींत कारण आणि पुढच्या सेमिस्टरचा निकाल, एवढे पुरते.

आपल्या मुलांची खरी अडचण शिफारसपत्रांत होते. ट्रान्सफरसाठी ती कॉलेजात शिकवलेल्या प्राध्यापकांची लागतात. आपल्याकडे वर्गात साठ-सत्तर मुले, तासाला प्रश्न विचारायची रीत कमी, आणि पत्र द्यायची वेळ आली की सगळ्यांना एकाच मजकुराचे पत्र मिळते: विद्यार्थी हुशार आहे, वर्तन चांगले आहे. निवड समितीला यातून काहीच कळत नाही. ज्या प्राध्यापकांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, ज्यांना तुमचा एखादा प्रश्न आठवतो, त्यांचेच पत्र उपयोगी पडते. ते नाते फेब्रुवारीत जुळत नाही, ते पहिल्या महिन्यात सुरू करावे लागते: प्रयोगशाळेत थांबून, केबिनमध्ये जाऊन, सरांच्या किंवा मॅडमच्या संशोधनात एखादे कंटाळवाणे काम अंगावर घेऊन. ट्रान्सफर नाही झाली तरी त्या वर्षाचे सोने होते.

आणि निबंध. विचारलेले असते साधेच: तुम्ही का बदलू इच्छिता? याला बहुतेक अर्जदार आपल्या कॉलेजच्या तक्रारींनी उत्तर देतात. प्राध्यापक नीट शिकवत नाहीत, मुले अभ्यास करत नाहीत, वातावरण नाही. तक्रार खरी असली तरी तिच्यातून तुमच्याविषयी काहीच समजत नाही. समजा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीला साथीच्या रोगांच्या आकडेवारीत रस निर्माण झाला. ती लिहू शकते की माझ्या कॉलेजात संधी नाहीत. किंवा ती लिहू शकते की, डेंग्यूच्या प्रभागवार आकड्यांवर मी पहिल्या वर्षी एक छोटे मॉडेल केले, ते पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात का चुकते हे शोधताना मला संख्याशास्त्राचे कोर्स कमी पडले, ते मी ऑनलाइन शिकले, पण माझ्या शाखेच्या ठरीव विषयांबाहेर जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकण्याची मुभा इथे नाही. तुमच्याकडे हे दोन विभाग एकत्र पदवी देतात आणि म्हणून मी येऊ पाहते. दुसऱ्या उत्तरात कॉलेजला एक शब्दही वावगा नाही. पण इथे जे मिळण्यासारखे होते ते तिने पिळून घेतले आहे आणि पुढची पायरी कुठे आहे हे तिला ठाऊक आहे, हे वाचणाऱ्याला दिसते. मला तर वाटते, हे उत्तर प्रामाणिकपणे लिहिता येत नसेल तर ट्रान्सफरचा विचारच काही काळ बाजूला ठेवावा. नुसते नाव हवे असणे हे माणसाला समजण्यासारखे कारण आहे, पण त्यावर दोन वर्षे आणि घरची बचत लावावी एवढे ते मोठे नाही.

होकारानंतरचा विषय म्हणजे क्रेडिट, आणि त्याकडे होकाराच्या आनंदात दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांतून सरकारी विद्यापीठांत गेलेल्यांनी तर जवळपास सगळीच गमावली. आपल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातले गणित आणि भौतिकशास्त्र बहुधा धरले जाते. वर्कशॉप, इंजिनिअरिंग ड्रॉइंग यांचे काय होईल हे विभागावर असते. त्याउलट तिथले सक्तीचे विषय मागे पडलेले असतात. कोलंबिया कॉलेजात साहित्य आणि विचारांच्या इतिहासाचा जो समान अभ्यासक्रम १९१९ पासून चालत आला आहे, तो ट्रान्सफर विद्यार्थ्यालाही पुरा करावा लागतो. म्हणून ‘तिसऱ्या वर्षाला घेतले’ या वाक्याचा अर्थ दोन वर्षांत पदवी असा धरू नये. आणखी एका सेमिस्टरची फी म्हणजे आपल्याकडे एका फ्लॅटचे डाउन पेमेंट.

यावर उपाय कंटाळवाणा पण हमखास आहे. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस, धडेनिहाय तास, वापरलेली पुस्तके आणि प्रयोगांची यादी कॉलेजच्या शिक्क्यासह जपून ठेवावी. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला कित्येक आठवडे जातात, तेव्हा मागणी दिवाळीच्या सुट्टीआधीच करावी. आणि प्रवेशाची रक्कम भरण्याआधी नव्या विद्यापीठाकडून क्रेडिटांचे मूल्यमापन लेखी मागावे. ते मागण्यात उद्धटपणा नाही. तिथे ते रोजचे काम आहे.

खासगी विद्यापीठांचे निकाल साधारण मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येतात आणि वर्ग ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतात. भारतातून जाणाऱ्याला तेवढ्या काळात विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणारा आय-ट्वेंटी फॉर्म, पैशांची कागदपत्रे आणि व्हिसाची मुलाखत उरकायची असते. आधीच अमेरिकेत स्टुडंट व्हिसावर शिकणाऱ्याची ‘सेव्हिस’ या सरकारी यंत्रणेतली नोंद जुन्या कॉलेजकडून नव्याकडे सोपवली जाते. ती कोणत्या तारखेला सोडायची हे जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाबरोबर ठरवावे लागते आणि नव्या ठिकाणचे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. नवा होकार हाती येईपर्यंत जुने कॉलेज सोडू नये, हे इथल्या मुलांना तर आणखी बजावून सांगायला हवे. नावनोंदणी मोडली आणि तिकडून नकार आला, तर आपल्याकडे परत शिरणे सोपे नसते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, पण कॉलेजातून कॉलेजात सहज जाण्याची सवय आपल्या विद्यापीठांना अजून लागायची आहे.

पोहोचल्यावरचे पहिले सेमिस्टर जड जाते. जे. आर. हिल्स या संशोधकाने १९६५ मध्येच हे नोंदवून त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असे नाव दिले: नव्या ठिकाणी आल्यावर गुण घसरतात आणि बहुतेकांचे पुढे सावरतात. कारणे दिसण्यासारखी आहेत. बाकीच्यांची दोन वर्षांची मैत्री झालेली असते, कोणत्या प्राध्यापकाचा कोर्स कधी घ्यावा हे त्यांना माहीत असते, आणि वरच्या वर्गांचे विषय पहिल्याच दिवसापासून कठीण असतात. त्यात नोकरी आणि इंटर्नशिपसाठी कंपन्या सप्टेंबरातच कॅम्पसवर येतात. चार वर्षे असलेल्याला त्या तीनदा भेटतात, ट्रान्सफरवाल्याला सामान उघडायच्या आतच. बर्कली आणि यूसीएलएत ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी वेगळी केंद्रे आहेत ती यासाठीच. पहिल्या सेमिस्टरला सगळेच अवघड कोर्स एकदम घेऊ नयेत, विषयाच्या अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच आठवड्यात भेटून उरलेल्या प्रत्येक सेमिस्टरची यादी करून घ्यावी, आणि संशोधनात काम करायचे असेल तर प्राध्यापकांना जायच्या आधी, जुलैमध्येच, ईमेल टाकावी.